भोंगवलीहून निवड-चाचणीस

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कापूरहोळ सोडलें, भोरचा फांटा उजव्या हातास मागें पडला, कीं प्रवाशाचें सारें लक्ष नीरेच्या पुलाकडे व पलीकडील शिरवळाकडे लागतें. डाव्या हातास पूर्वेकडे वळणारे लहान रस्ते त्यामुळें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहींत. अशाच एका रस्त्यानें आंत गेलें म्हणजे भोंगवली लागतें. तालुका भोर. भोर म्हटलें कीं शहरांतल्या वाचकांच्या डोळ्यांपुढें भाटघरचें धरण, वरंध घाट, भाताचीं खाचरें आणि चार महिने न थांबणारा पाऊस उभा राहतो. पण तें सारें पश्चिमेकडलें. पंतसचिवांचें हें जुनें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें व तालुका म्हणून पुणें जिल्ह्यांत आलें, तरी सह्याद्रीचा पाऊस कांहीं साऱ्या तालुक्यास सारखा वांटला गेला नाहीं. आमच्या बाजूस येईपर्यंत ढगांचें ओझें उतरलेलें असतें. उत्तरेस पुरंदरचा डोंगर, दक्षिणेस नीरेचें खोरें, मध्यें ज्वारी-बाजरीचीं रानें, आणि जेथें पाणी पोंचलें तेथें ऊंस, असा आमचा मुलूख.

येथें आमचा दवाखाना आहे. बदलीच्या नोकरीनें आलेलीं माणसें गांवाकडे पाहुण्याच्या दृष्टीनें पाहतात. आम्हीहि पहिलीं दोन वर्षें तसेंच पाहिलें. पुढें कन्या येथेंच शाळेंत जाऊं लागली आणि पाहुणेपण सरलें. परंतु हिच्यामुळें भोंगवलीच्या रानांत उभें राहून अमेरिकन खेळाचे नियम पाठ करण्याची पाळी आमच्यावर येईल, असें मात्र स्वप्नांतहि आलें नव्हतें.

त्याचें असें झालें. पंचक्रोशींतील ज्या विद्यालयांत आमची कन्या जाते, तेथें चार वर्षांपूर्वीं नवे क्रीडाशिक्षक आले. कबड्डी आणि खोखो यांत तालुक्यापलीकडे जावयाचें तर शेंकडों शाळांशीं झुंज. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या शाळा त्या मानानें थोड्या. तेव्हां थोड्यांतून वर जाणें सोपें, असा त्यांचा सरळ हिशोब. या हिशोबास नाकें मुरडणारे पुष्कळ आहेत, पण आम्हांस त्यांत गैर कांहींच दिसत नाहीं. दहावी-बारावीस खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं पांच टक्के जागा राखीव आहेत. ज्या घरीं दोन एकर कोरडवाहू जमीन आणि तीन मुली आहेत, त्या घरानें हा विचार न करावा तर कोणीं करावा? महाराष्ट्रांत या खेळाचें नांव निघालें कीं जळगांवचें नांव आधीं निघतें. पण अलीकडे इतर जिल्ह्यांतल्या आडगांवींहि तो असाच एखाद्या शिक्षकाच्या हट्टानें रुजतो.

खेळाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. १८८७ सालीं शिकागो येथील एका क्लबांत जमलेल्या मंडळींनीं मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीनें आंवळून चेंडू केला आणि केरसुणीच्या दांड्यानें तो टोलवला, अशी याची जन्मकथा आहे. पुढें मऊपणा गेला, नांव राहिलें. हल्लींचा बारा इंच घेराचा चेंडू एकदां बरगडीवर बसला म्हणजे त्यास ‘सॉफ्ट’ म्हणणाऱ्याची कींव येते. हें आम्ही वैद्यकीय अनुभवानें सांगतों. चेंडू टाकणारी ती पिचर. ती खांद्यापासून हात पूर्ण गोल फिरवून कमरेखालून चेंडू सोडते. त्रेचाळीस फुटांवर फलंदाज, आणि तिच्या मागें जमिनीवर उकिडवी बसलेली, तोंडावर जाळी व पायांवर ढाली बांधलेली ती कॅचर. चांगल्या पिचरचा चेंडू हें अंतर अर्ध्या सेकंदाच्या आंत कापतो. १९९६ ते २००८ हा खेळ स्त्रियांसाठीं ऑलिंपिकमध्यें होता, मग गळला, २०२१ सालीं टोकियोंत परत आला, पॅरिसला नव्हता, आणि २०२८ सालीं लॉस एंजेलिस येथें पुन्हां व्हावयाचा आहे. २००८ सालीं बीजिंगमध्यें जपानच्या युकिको उएनो हिनें दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकून आपल्या देशास सुवर्णपदक मिळवून दिलें, आणि तेरा वर्षांनीं टोकियोंत तीच पुन्हां सुवर्णपदकाची मानकरी ठरली, ही कथा आमच्या घरीं आरतीसारखी म्हटली जाते.

कारण कन्या पिचर आहे. आणि तिची कॅचर आहे आमच्या दवाखान्यामागील मळ्यांतली, तिच्याच वर्गांतली एक मुलगी. रोज सायंकाळीं गुरांच्या धारा होईपर्यंत या दोघी जुन्या खळ्यावर उभ्या. एक फेंकते, दुसरी झेलते. झेललेल्या चेंडूचा आवाज आमच्या तपासणीच्या खोलींत ऐकूं येतो. रोगी प्रथम दचकत, आतां तेहि मोजतात.

आमची धाकटी बहीण कॅलिफोर्नियांत असते. तिच्या मुलीमुळें तेथला प्रकार आम्हांस ऐकून ठाऊक होता. १९७२ च्या कायद्यानें सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांस मुलींना मुलांच्या बरोबरीची संधि देणें भाग पडलें, आणि मुलींच्या खेळांस महाविद्यालयीन शिष्यवृत्त्या मिळूं लागल्या. मग त्या शिष्यवृत्त्यांसाठीं खेळाडूंचे मेळे भरूं लागले. प्रशिक्षक जाळीमागें खुर्च्या टाकून बसतात, हातांत वेग मोजण्याचें यंत्र व टिपणवही. मुली फारच लहान वयांत हेरल्या जाऊं लागल्या, म्हणून २०१८ पासून असा नियम झाला कीं अकरावीच्या वर्षाच्या १ सप्टेंबरपूर्वीं प्रशिक्षकांनीं भरतीविषयीं मुलीशीं बोलूं नये. बहिणीनें आम्हांस एकच उपदेश कळविला होता : “दादा, जाळीजवळ उभा राहून तिला कांहीं सांगूं नकोस. ते लोक मुलींइतकेच आईबापांकडे पाहतात. आणि पाण्याची बाटली तिची तिला उचलूं दे.”

आमच्याकडील चाचणी सतरा वर्षांखालील मुलींच्या जिल्हासंघाची होती. आदल्या रात्रीं मळ्यांतून निरोप आला कीं कॅचरच्या आईबापांस येतां येत नाहीं. म्हैस व्यायली आहे. पहांटे पांचास तिच्या आईनें तिला आणून पोंचविलें. फडक्यांत बांधलेल्या चार भाकऱ्या, लसणाची चटणी, आणि आमच्या सौभाग्यवतींस एवढेंच बोलणें : “काकू, तुमच्या पोरीसंगं हिलाबी बघा.”

अंधारांतच आम्ही हमरस्ता गांठला. किकवीस उजाडूं लागलें. कापूरहोळजवळ पुरंदरच्या माथ्यावर पहिलें ऊन आलें होतें, तें दोघींस दाखवावें असें मनांत आलें. परंतु मागल्या बांकावर दोघींचीं डोकीं एकमेकींवर टेकलेलीं होतीं. नसरापूरचा फांटा, खेड-शिवापूरचा टोलनाका, मग कात्रजचा नवा बोगदा. या बोगद्याची आम्हांस नेहमीं गंमत वाटते. अलीकडे डोंगर आणि शांतता, पलीकडे एकदम पुणें अंगावर येतें.

मैदान एका मोठ्या शिक्षणसंस्थेचें होतें. नांव सांगण्याचें कारण नाहीं. आठांची वेळ दिलेली, दहापर्यंत टेबलहि मांडलें गेलें नव्हतें. मुली उन्हांत बसून राहिल्या. मग जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधारपत्र यांच्या प्रतींची तपासणी सुरू झाली, आणि ज्यांची एखादी प्रत कमी पडली ते बाप रस्त्यापलीकडल्या दुकानाकडे धांवत सुटले. अशा वेळीं पालकांचें मोठें झटपट मैत्र जमतें. कोणी दौंडकडचे, कोणी शिरूरचे, बरेचसे पुणें-पिंपरीचे. शहरी मुलींजवळ दोन दोन हातमोजे व चाकांच्या पिशव्या होत्या. आमच्या कन्येजवळ आत्यानें पाठविलेला एक हातमोजा. तिच्या जोडीदारणीजवळ शाळेचा, दोनदां चांभाराकडून शिवून घेतलेला. एका गृहस्थांनीं आम्हांस विचारलें, “भोंगवली म्हणजे नेमकें कोठें?” आम्ही सांगितलें. ते म्हणाले, “म्हणजे भोरच्या अलीकडे?” आम्ही नाद सोडून दिला.

चाचणी सुरू झाली ती धांवण्यापासून. मग लांब फेंक, मग जमिनीवरून येणारे चेंडू, मग उंच झेल. आमचीं दोघींचीं कामें बरीं झालीं. एका झेलास कन्येचे डोळे उन्हानें दिपले व चेंडू निसटला. तिनें मागें वळून आमच्याकडे पाहिलें, आणि आम्ही बहिणीची आज्ञा स्मरून पुरंदराप्रमाणें निश्चल राहिलों. सौभाग्यवतींनीं मात्र आमचा दंड असा कांहीं धरला होता कीं सायंकाळीं तेथें चार बोटें उमटलेलीं दिसलीं.

आणि मग पिचरना पुढें बोलाविलें. अकरा मुली उठल्या! कॅचरना बोलाविलें, तेव्हां तीन. सारा निकाल खरें पाहतां याच दोन अंकांत होता; पण तें आमच्या ध्यानांत यावयास दोन तास लागले. पिचर सर्वांस दिसते, टाळ्या तिला मिळतात, छायाचित्रांत ती येते. जाळी बांधून धुळींत उकिडवें बसावयास कोण होतें? तिघींपैकीं एकीच्या अंगठ्यास पहिल्याच षटकांत लागलें आणि ती बाहेर गेली. राहिल्या दोघी. त्यामुळें आमची मळ्यांतली मुलगी एकामागून एक सहा पिचरांसमोर बसली. अनोळखी हात, अनोळखी वेग. ती प्रत्येकीचा चेंडू घ्यावयाची, उठून दोन पावलें पुढें येऊन परत द्यावयाची, आणि प्रत्येकीस कांहींतरी बोलावयाची. काय बोलत होतीस असें मागाहून विचारलें तेव्हां म्हणाली, “काय नाही काका. ‘मस्त’ म्हणायची नुसतं. घाबरलेल्या होत्या.” निवडणाऱ्यांनीं आमच्या कन्येस पाहिलें तें दहा मिनिटें. हिला पाहिलें तें दीड तास.

कन्येचे पहिले पांच चेंडू असे गेले कीं शेजारचे गृहस्थ “वा!” म्हणाले. सहावा बाहेर गेला, सातवाहि. ज्या हाताकडे पाहून ती रोज फेंकते तो हात त्या वेळीं पलीकडल्या टोंकास दुसऱ्याच मुलीचे चेंडू घेत होता. हें कारण असेल किंवा नसेलहि; बापाच्या तोंडचें कारण कोणीं प्रमाण मानूं नये.

चार वाजतां यादी वाचली. सोळा नांवें. कॅचरचें नांव तिसरें आलें. आमचें सोळांत आलें नाहीं. मग “राखीव” म्हणून चार नांवें वाचलीं, त्यांत दुसरें आलें. राखीव मुलींनीं दहा दिवसांच्या सराव-शिबिरास यावयास हरकत नाहीं, परंतु राहण्याचा खर्च स्वतःचा व संघाबरोबर जाण्याचा भरंवसा नाहीं, असें सांगण्यांत आलें.

त्या क्षणीं आमच्या मनांत काय आलें तें लिहिणें कठीण आहे, तरी लिहितों. आनंद झाला, हें खरें. आणि त्याच्या पोटांत कांटा होता, हेंहि खरें. जी मुलगी “आमच्या पोरीसंगं” आली होती तिचें झालें, आणि आमच्या पोरीचें राहिलें. दोघी बराच वेळ एकमेकींकडे न पाहतां बुटांच्या नाड्या सोडीत बसल्या. सौभाग्यवतींनीं फडकें सोडून भाकऱ्या चौघांत वांटल्या. त्या सकाळपासून तशाच होत्या. चटणीनें तिखट लागलें म्हणून दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलें, आणि तें तसें यावयास बरेंच झालें.

परतीस कात्रजपर्यंत कोणी बोललें नाहीं. बोगदा संपल्यावर कन्या एकदम म्हणाली, “बाबा, मी शिबिराला जाणार.”

“खेळायला मिळेल असें नाहीं, ऐकलेंस ना?”

“ऐकलं. पण ही एकटी असेल तर तिचे आबा पाठवणार नाहीत.”

तिची आई म्हणाली, सहामाही परीक्षा दोन आठवड्यांवर आली आहे. यावर मागल्या बांकावरून उत्तर आलें नाहीं. कापूरहोळला चहास थांबलों, तेथेंहि नाहीं.

गांवीं पोंचलों तेव्हां मुलीचे वडील दूध-संकलन केंद्रावर कॅन घेऊन रांगेंत होते. आम्ही संमतिपत्राचा कागद दाखविला. त्यांनीं तो दिव्याखालीं धरून पुरता वाचला, घडी केली, पुन्हां उघडला.

“डॉक्टर, दहा दिस? परगांवीं? एकटी कशी धाडायची पोर?”

“एकटी नाहीं,” सौभाग्यवती म्हणाल्या. “आमचीहि जाते आहे.” सहामाहीचा मुद्दा त्यांनींच तासाभरापूर्वीं काढला होता, तो कोठें गेला हें आम्ही विचारलें नाहीं.

“हिचंबी झालं का?”

“राखीव,” कन्या म्हणाली.

त्यांनीं तिच्याकडे पाहिलें, मग आपल्या मुलीकडे. रांग पुढें सरकली होती. मागच्या माणसानें कॅन सरकविण्यास सांगितलें. फॅट मोजून होईपर्यंत ते कांहीं बोलले नाहींत. मग केंद्रावरल्या मुलाच्या खिशांतलें पेन मागून घेतलें आणि कॅनच्या झांकणावर कागद ठेवून सही केली. म्हशीच्या धारा दहा दिवस कोण काढणार, हा प्रश्न त्यांनीं वाटेनें जातां जातां स्वतःशींच दोनदां विचारला.

दुसऱ्या दिवशीं दोघींचे अर्ज शाळेंत दिले. निवड झालेल्या मुलीजवळ पत्र असल्यामुळें तिची रजा खेळाकडे लागते व तिच्या परीक्षेची सोय मागाहून होते. राखीव खेळाडूस असें पत्र मिळत नाहीं. तेव्हां आमच्या कन्येची दहा दिवस गैरहजेरी मांडली जाईल, एवढें वर्गशिक्षकांनीं सौम्यपणें सांगून ठेवलें आहे. शिबिर येत्या सोमवारीं सुरू होत आहे. शाळेच्या हातमोज्याची शिवण पुन्हां उसवली होती. तो शिवावयास टाकला आहे.