दोघांचा दम सारखा हवा

वाचकहो, मोटारीच्या कार्ब्युरेटरची गोष्ट शेतकऱ्याच्या घरात कशाला, असे तुम्ही विचाराल तर ते रास्तच आहे. मी बीएस्सी ॲग्री झालेला माणूस. तीस वर्षे कृषी विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव हिंडतो आहे. माझा विषय बी-बियाणे, खते आणि फवारणी. पण गेल्या साली एका जुन्या इटालियन गाडीला दोन कार्ब्युरेटर बसवताना मी जे पाहिले, ते तुमच्या फवारणी पंपाला लागू पडते आणि घरातल्या पोरालाही. म्हणून हे लिहायला बसलो.

गाडी इटालियन म्हणजे तुमच्या ओळखीचीच. माझ्या मामांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ही गाडी तुम्ही पाहिली असेल. ती टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. पद्मिनीचे मूळ गोत्र फियाट ११००. इटलीतल्या तुरीन शहरात फियाटने ते घडवले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होऊ लागली. १९६४ पासून ती 'डिलाइट' म्हणून विकली गेली, सत्तरीच्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडर आणि त्या चौघांना मिळून एकच कार्ब्युरेटर.

मामा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. खंबाटकी घाट चढताना चार माणसे बसली की ती धापा टाकायची. कार्ब्युरेटरचा दांडा झिजून ढिला झाला होता. तो बदलायचाच होता. माझ्या शेजारी आबा राहतात. त्यांच्या धाकट्या मुलाने आयटीआयत मोटार मेकॅनिकचा कोर्स केलेला. तो म्हणाला, "काका, बदलायचाच आहे तर एकाऐवजी दोन बसवू. मूळचं सगळं सामान गुंडाळून ठेवतो. उद्या वाटलं तर गाडी होती तशी करता येईल."

मी आरटीओत जाऊन विचारपूस केली, नियम समजून घेतला आणि मग त्याला होकार दिला. गाडीत मूळ बनावटीहून वेगळे काही करायचे असेल तर ही पायरी कुणीही चुकवू नये.

आता त्या घरातली अडचण सांगतो. पोरगा दोन वर्षे घरी होता. आबांच्या मते अंगाला ग्रीस फासून दुसऱ्याच्या गाडीखाली लोळणे हे काही काम नव्हे. दोन ठिकाणी सोयरिकीची बोलणी झाली, पण 'मुलगा करतो काय?' या प्रश्नापाशी येऊन मोडली. शेवटी आबांनी चाकणला ठेकेदाराकडे त्याची कामाची सोय लावली होती. पुढच्या सोमवारी त्याने जायचे ठरले होते. आई दोन दिवस जेवली नव्हती. माझ्या गाडीचे काम म्हणजे त्याचा गावातला शेवटचा आठवडा.

एक कार्ब्युरेटर पुरत असताना दोन कशाला, हे आधी समजून घेऊ. कार्ब्युरेटरचे काम हवेत पेट्रोल मिसळायचे. वजनाने साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल. एकच कार्ब्युरेटर मधोमध असला की मधल्या सिलिंडरांना वाट जवळ पडते, कडेच्यांना लांब. लांबच्या वाटेत पेट्रोलचे थेंब नळीच्या भिंतीला चिकटतात. पाटाच्या तोंडाशी पाणी तुंबते आणि शेंड्याचा वाफा कोरडा राहतो, तसलाच हा प्रकार. दोन कार्ब्युरेटर असले की दोन-दोन सिलिंडरांना आपला स्वतंत्र आणि आखूड पाट मिळतो.

इटलीत ही विद्या चांगली वाढली. एदुआर्दो वेबर नावाचा तुरीनचा माणूस बोलोन्या शहरात येऊन राहिला. पहिल्या महायुद्धानंतर तिकडे पेट्रोल महागले, तेव्हा त्याने मालमोटारी रॉकेलवर चालवायचे सामान तयार करून विकले. आपल्याकडे पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर नेलेली पाण्याची इंजिने जुन्या शेतकऱ्यांना आठवत असतील. त्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही. १९२३ साली वेबरने कार्ब्युरेटरचा कारखाना काढला. पुढे १९६३ साली मिलानच्या अल्फा रोमिओ कंपनीची गिउलिया स्प्रिंट जीटी ही गाडी आली. तिला दोन-दोन तोंडांचे दोन वेबर होते, म्हणजे दर सिलिंडरला एक तोंड. आमचे काम इतके मोठे नव्हते. पोराने एकाच जातीचे दोन साधे कार्ब्युरेटर मिळवले आणि खालची नळी एका लेथवाल्याकडून बनवून घेतली.

मला वाटले, आता नटबोल्ट आवळले की झाले. पण त्याने पहिले दोन दिवस कार्ब्युरेटरला हातच लावला नाही. आधी व्हॉल्व्हची गाळी तपासली, कॉम्प्रेशन पाहिले, पॉइंट आणि प्लग नीट केले. म्हणाला, "इंजिन आजारी असलं तर कार्ब्युरेटर कितीही फिरवा, काका, गुण येत नाही." पिकाची मुळी सडलेली असताना पानावर औषध मारणाऱ्यांना मी तीस वर्षे हेच सांगत आलो आहे.

मग बसवणी. नळीचा बसका भाग सपाट आहे की नाही, हे काचेवर घासून पाहिले. तिथून चोरून हवा शिरली तर मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापून व्हॉल्व्ह जळू शकतात. कार्ब्युरेटरखाली बेकलाइटची जाड चकती घातली, म्हणजे इंजिनाची धग वर चढून पेट्रोल उकळणार नाही. दोन्हींच्या फ्लोटची पातळी एकसारखी केली. एकाला चालणारे जेट दोघांना जसेच्या तसे चालतील असे नसते. म्हणून प्लगचा रंग पाहून त्याने ते बदलले. प्लग काळा पडला तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर कमी, कोऱ्या चहासारखा तपकिरी झाला तर बरोबर.

खरी मेख थ्रॉटलच्या जोडणीत होती. पायाखालचा पेडल एक आणि वर झडपा दोन. दोन्ही एकाच क्षणी, एकसारख्या उघडायला हव्यात. त्याने नळीच्या वर एक आडवा दांडा दोन बेअरिंगांवर बसवला. त्याला एकाच लांबीचे दोन हात आणि प्रत्येक हातापासून झडपेपर्यंत एक बारीक काडी. काडीच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. काडी जागच्या जागी फिरवली की तिची लांबी कमीजास्त होते. प्रत्येक झडपेला आपली वेगळी स्प्रिंग. "काडी निसटली तर झडप आपोआप मिटली पाहिजे. उघडी राहिली तर घाटात जीव जाईल," असे तो म्हणाला. नंतर मला आत बसवून पेडल तळापर्यंत दाबायला लावले. स्वतः बॉनेटखाली डोके घालून दोन्ही झडपा पूर्ण उघडतात की नाही, हे पाहिले.

शनिवारी संध्याकाळी सूर जुळवायचे काम उरले. इंजिन तापवून त्याने दोन्ही काड्या सोडल्या. हातभर रबरी नळी घेतली. तिचे एक टोक कानाला, दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. हवा शिरताना सूं असा आवाज येतो. दोन्हींचा आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. एवढ्यात आबा धारा काढून आले आणि लांबूनच पाहत उभे राहिले. पोराने काही न बोलता नळी त्यांच्यापुढे धरली.

आबांनी जन्मभर बैल आणि पाण्याचे इंजिन सांभाळलेले. त्यांचा कान तयार. एका तोंडाशी ऐकले, दुसऱ्या तोंडाशी ऐकले. म्हणाले, "ह्यो मागला जास्ती वढतोय." पोराने मागचा स्क्रू किंचित मागे घेतला. आबांनी पुन्हा ऐकले आणि मान हलवली. मग काड्या जोडल्या. पोराने हळूच थ्रॉटल वाढवला. आबा कान लावूनच होते. "आता पुढला आधी निघतोय. एकाचा कासरा आखूड पडलाय बघ."

पोरगा हसला. "तेच तर, आबा. हीच काडी आखूड आहे."

त्याने काडी अर्धा आटा फिरवली. बाप ऐकत होता, लेक फिरवत होता. अंधार पडेपर्यंत दोघे बॉनेटवर वाकलेले. मी बॅटरी धरून उभा. शेवटी आबा नळी बाजूला ठेवत म्हणाले, "आता जोडी लागली." थोड्या वेळाने हात पुसत ते म्हणाले, "सोमवारची येष्टी चुकली तर चालंल म्हणतो मी. हितं काय जमतंय का बघ चार महिने."

तो गेला नाही. आता गावच्या फाट्यावर त्याची पत्र्याची शेड आहे. कार क्वचित येते, पण फवारणी पंप, मोटारसायकली आणि पाण्याची इंजिने रोज येतात. मिळकत चाकणच्या पगाराएवढी अजून नाही. सोयरीकही जमायची आहे. पण संध्याकाळी आबा शेडवर जाऊन बसतात आणि गिऱ्हाइकाचे इंजिन ऐकून आधीच रोग सांगतात.

गाडीचे म्हणाल, तर घाट ती आता दमाने चढते. पेट्रोल मात्र थोडे जास्त पिते, हे लपवत नाही. दोन कार्ब्युरेटरांचे सूर वरचेवर तपासावेही लागतात. तेव्हा तुम्ही ही हौस करा असे माझे सांगणे नाही.

सांगणे आहे ते वेगळे. तुमच्या फवारणी पंपाला दोन किंवा अधिक नोझल असतील, तर येत्या हंगामाआधी पंपात साधे पाणी भरा. प्रत्येक नोझलखाली सारखी बाटली धरून एक मिनिट फवारा आणि पाणी मोजा. एखाद्या नोझलचे पाणी सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी किंवा अधिक भरले, तर आधी ते साफ करा. तरी फरक राहिला तर बदला. नाहीतर एका ओळीवर औषध जळेल आणि शेजारच्या ओळीवर कीड जगेल. दोष मात्र तुम्ही औषधाला द्याल.

आणि घरात एखादा पोरगा ऑइलने हात काळे करून येत असेल, तर त्याला रागावण्याआधी एक दिवस त्याच्याजवळ बसा. तो काय करतो ते विचारा. तुमच्या कानाला जे कळते, ते त्यालाही सांगा.