रान न तोडल्याचे पैसे

आमचं रान संगमेश्वर तालुक्यात आहे. साडेनऊ एकर, उतारावरचं वरकस. सातबारावर सात नावं. गावात राहणारा मी एकटा. बाकीचे डोंबिवली, नालासोपारा, एक पुण्याला. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याची जमीन नावापुरतीच. घाटाखाली हिरवं दिसतं ते बहुतेक आमच्यासारख्या भाऊबंदांचं, आणि ते तोडीला जातं कुणाचं लग्न निघालं की, नाहीतर कौलं उतरवून स्लॅब टाकायचा झाला की.

२०१९ साली ठेकेदाराने आमच्या रानाचे उक्ते अडीच लाख सांगितले. कागद, मजूर, ट्रक सगळं त्याचं, आम्ही फक्त सह्या करायच्या. वडिलांच्या हयातीत हे रान दोनदा तुटलं आणि खोडं पुन्हा फुटली. वहाळाकडेचे जुने बेहडे तेवढे राहिले, कारण तिथून लाकूड वर ओढणं परवडत नसे. आता जेसीबी आला की सकाळभरात रस्ता होतो.

त्यातल्या एका बेहड्यात गरुड असतो, हे लहानपणापासून माहीत. पुस्तकातला महाधनेश तो हाच. पण नीट पाहिला तो पन्नाशी उलटल्यावर, त्याच वर्षी मार्चमध्ये, पुण्याच्या एका संस्थेची मुलं आली तेव्हा. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त एक उभी फट ठेवते. नर आला तो पंखांचा घुं घुं आवाज करत. मान झटकून घशातून नांदरुकाचं एकेक फळ वर काढायचा आणि फटीतून डोकावणाऱ्या चोचीत द्यायचा. मी सतरा मोजली, मग चुकलो. बरोबरची मुलगी म्हणाली, याला स्वतःला ढोली कोरता येत नाही. झाड म्हातारं होऊन पोकळ व्हावं लागतं. म्हणजे दहा-पंधरा वर्षांनी तुटणारं रान याच्या कामाचं नाही.

मग संस्थेने करार पुढे केला. दहा वर्षं तोड नाही, वणवा लागू द्यायचा नाही. बदल्यात वर्षाला दहा हजार. ठेकेदाराच्या निम्मेही नाहीत. चुलतभावाचा फोन आला, "दादा, झाड न तोडायचे पैसे कोण देतं? जमीन घालवशील." मी म्हटलं, कोस्टारिकात १९९७ पासून सरकारच जंगलमालकांना देतंय, इंधनावरच्या करातून. "ते तिकडे." मग आपल्याच किनाऱ्याचं सांगितलं. जाळ्यातलं कासव सोडवायला जाळं कापलं, तर मच्छीमाराला महाराष्ट्र सरकार पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देतं. तो गप्प झाला, पटलं असं नाही.

२०२० च्या शिमग्यापर्यंत दोन सह्या झाल्या. पुढे लॉकडाऊनमध्ये तिघे चाकरमानी घरी आले, आधी चौदा दिवस शाळेत राहिले, मग पडवीत बसून सही केली. गरुड बघून केली म्हणावं तर तसं नाही. ठेकेदाराचे ट्रक बंद होते आणि हातात काहीतरी यायला हवं होतं. पुण्याची सही टपालाने आली.

दहा हजार सात जणांत म्हणजे माणशी जेमतेम चौदाशे. पण मी एकटा "नको तोडूया" म्हणायचो तेव्हा ते माझं खूळ होतं. आता ठेकेदार आला की भाऊच सांगतात, "आमचं करारात आहे." रान वाचलंय ते या एका वाक्यावर.

तक्रार आहे ती वाटणीची. वणव्यासाठी दर फेब्रुवारीत मी आणि दोन गडी हद्दीचं गवत कापून जाळपट्टा काढतो. माझे चौदाशे त्या मजुरीलाही पुरत नाहीत. डोंबिवलीला बसलेल्यालाही तेवढेच. करार २०३० ला संपतो. नव्या करारात राखणदाराचे पैसे वेगळे लिहून घेणार, नाहीतर सही नाही.

कोकणातल्या सातबारावर ज्यांची नावं आहेत त्यांना एक विनंती. तोडीच्या संमतीपत्रावर सही मागायला कुणी आलं, तर आधी एकदा गावी या आणि रानात जा. मे महिन्यात आंब्यांना येता तसे नको, मार्चमध्ये या.