देवळाचा दगड, जात्याचा दगड

जिंतूरहून मंठ्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना काळी रानं सुरू होतात. कापूस फुटलेला, तुरी पिवळ्या फुलोऱ्यावर आलेल्या. या मातीखाली काळाच पाषाण आहे. चारठाण्यात शिरलं की तो जमिनीवर उभा राहिलेला दिसतो.

इथली जुनी देवळं वस्तीतच विखुरलेली आहेत. लोक त्यांना हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री हा 13व्या शतकातला यादवांचा मंत्री. पण चुन्याशिवाय दगडात दगड गुंतवून बांधायची ही रीत त्याच्याही आधीची. गावातला उंच कोरीव स्तंभ मी कितीतरी वेळ न्याहाळत राहिले. कुणी त्याला दीपमाळ म्हणतं, कुणी विजयस्तंभ. त्यावरून हात फिरवला, तर टाकीचे घाव अजून बोटांना लागतात.

दुपारी एका घरी पाणी प्यायला थांबले. ओसरीच्या कोपऱ्यात जातं होतं, त्याच काळ्या दगडाचं.

"दळता का अजून, आजी?"

"आता गिरणी हाय, माय. पर लग्नाची हळद ह्याच्यावरच दळतो. खुंट्याला हात लागला की गाणं येतंय."

जात्यावर बसलं की ओवी सुचते, ती अशी. तिच्यात माहेर येतं, भाऊ येतो, पंढरीचा विठ्ठल येतो. याच परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. तिच्याबरोबर देव दळायला बसला, असं इथल्या बाया मानतात. गी प्वातवाँ आणि हेमा राइरकर यांनी गावोगाव फिरून अशा लाखभर ओव्या जमवल्या, म्हणून कितीतरी अनाम बायांचं बोलणं आज आपल्या हाती आहे. दूर नॉर्वेतल्या सेटेसडाल खोऱ्यातही ओवीसारखी 'स्तेव' नावाची छोटी कडवी गायली जातात. तिथल्या वादन आणि नृत्यासह त्या गायनाला 2019 साली युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. आपल्या ओवीचाही मान तेवढाच मोठा आहे.

निघताना आजींनी जात्याची वरची तळी उचलून दाखवली. दळून दळून दगड गुळगुळीत झाला होता.

"टाकी लावायला हवी," त्या म्हणाल्या. "माघात नातीचं लगीन हाय."

देवळावर चालली तीच टाकी. या घरात तिचं काम अजून संपलेलं नाही.