हुरहूर

परवा आईचा पिंपळीहून फोन आला. पाऊस, शेजारीपाजारी, उसाची लावण असं सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "आज पालखी गेली. जिवाला नुसती हुरहूर लागलीय बघ."

मी लगेच सुरू झालो. गोळी घेतलीस का, बीपी तपासलंस का, सकाळी डॉक्टरकडे जाऊन ये... ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, दुखत नाहीये काही. हुरहूर लागलीय म्हटलं." आणि फोन ठेवला.

नंतर मला चुटपुट लागून राहिली. म्हणजे बघा, तिला हुरहूर आणि मला चुटपुट. दोन्हीत अस्वस्थताच, पण एकाच्या जागी दुसरा शब्द चालेल का? करायचं ते हातून राहून गेलं की चुटपुट लागते. ती फार दिवस पुरली की रुखरुख होते. निकालाच्या दिवशी छातीत होते ती धाकधूक. जावं की राहावं हे ठरत नसलं की जिवाची घालमेल. पोटात होते ती कालवाकालव. हुरहुरीला मात्र नेमकी जागा नाही आणि धड कारणही सांगता येत नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी ती उगाचच येते. आणि ती 'होत' नाही, 'लागते'. भूक लागते, तहान लागते, ओढ लागते, तशी. तिच्यावर गोळी कुठली असणार?

आमची पिंपळी बारामती-इंदापूर रस्त्यावर. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीकडे निघते ती आमच्या गावावरून. काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण सगळ्यांना माहीत असतं. आमच्याकडे तसं काही नाही. रस्त्याच्या कडेला चहा, पाणी, केळी आणि आमच्या अंगणात दरवर्षी टेकणारे पाच-पंचवीस वारकरी. आई पहाटेपासून भाकऱ्या थापत असते. दोन तास घरात पाय ठेवायला जागा नसते. मग टाळांचा आवाज लांब जातो, आणि अंगणात उरतात पत्रावळ्या, चिखलातली पावलं आणि दोरीवर कुणाचातरी विसरलेला पंचा. तो पंचा आई धुऊन ठेवते. पुढच्या वर्षी कुणी मागितला तर असावा म्हणून.

२०२० साली पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. टाळेबंदीमुळे मीही पुण्यातच अडकलेला. त्या दिवसांत मीच आईला फोन केला आणि शहाणपणाने विचारलं, "हुरहूर लागली असेल ना गं?"

"नाही रे," ती म्हणाली. "हुरहूर लागायला कुणीतरी येऊन जावं लागतं. यंदा नुसतं चुकल्या-चुकल्यासारखं होतंय."

मला तेव्हा ते शब्दांचे खेळ वाटले होते. २०२१ लाही पादुका एसटीनेच गेल्या. २०२२ ला पायी वारी पुन्हा सुरू झाली, अंगण पुन्हा भरलं, आणि संध्याकाळी आईची हुरहूर परत आली. तिच्या आवाजात तेव्हा तक्रार नव्हती, हे मला आत्ता आठवतंय.

मी घरून निघतो तेव्हाही ती फाटकाशी उभी राहते. गाडी वळली की आत जात नाही लगेच, हे शेजारच्या काकूंनी सांगितलेलं. तिथे ती काय करते, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने हाच शब्द सांगितला असता आणि मी बहुतेक गोळीचंच बोललो असतो.

असो. रात्री पुन्हा फोन लावला. या वेळी बीपीचं नाव काढलं नाही. विचारलं, "आई, यंदा किती जण जेवले गं?"

पाऊण तास बोलत होती.