पावणेतीन वर्षांचें शुद्धिपत्र

जुन्या मराठी पुस्तकांच्या अखेरीस शुद्धिपत्राचें एक पान असे. पृष्ठ अमुक, ओळ अमुक, अशुद्ध अमुक, शुद्ध अमुक. सालस वाचक पेन्सिल घेऊन आधीं त्या चुका दुरुस्त करून घेई आणि मगच वाचनास बसे. परीक्षकही मुद्रणदोषांवर एखादी ओळ खर्चून पुढें जाई. कारण ग्रंथ निराळा आणि त्याची छापील प्रत निराळी, हें सर्वांस मान्य होतें. खिळे जुळविणाऱ्याच्या हातून एक अक्षर निसटलें म्हणून कादंबरीकाराची प्रतिभा उणी ठरत नसे. परीक्षणाच्या व्यवसायांतला हा एक अलिखित करारच म्हणावयाचा. त्यावर भिस्त ठेवून मींही आजवर बरींच पुस्तकपरीक्षणें लिहिलीं आहेत. परंतु जेथें हा करार लागूच पडत नाहीं अशा एका कृतीचा, आणि तिच्या परीक्षणांचा, इतिहास मीं अलीकडे मुद्दाम वाचून काढला; आणि तेव्हांपासून परीक्षक वाचकाचें नेमकें काय देणें लागतो, हा प्रश्न माझ्या मनांतून जात नाहीं.

ती कृति म्हणजे ‘सायबरपंक २०७७’ हा व्हिडिओ गेम. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेनें तो तयार केला आणि १० डिसेंबर २०२० रोजीं तो जगभर विक्रीस आला. व्हिडिओ गेम म्हटल्याबरोबर पोराटोरांचा वेळ खाणारी एक चीज पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांपुढें उभी राहील. नाटकाविषयीं आणि कादंबरीविषयींही आपल्याकडे एके काळीं असेंच बोललें जाई, एवढेंच त्यावर म्हणतों. कांहीं खेळ खरोखरीच कथा सांगतात. फरक इतकाच कीं, कथानायकाच्या पायांनीं येथें आपणांस स्वतः चालावें लागतें, आणि दोन वाटांपैकीं कोणती धरावयाची हेंही आपणच ठरवावें लागतें.

या खेळाची कथा नाइट सिटी नांवाच्या काल्पनिक नगरांत २०७७ सालीं घडते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील या नगरांत सरकार नांवाला आहे, खरी सत्ता कंपन्यांची. आणि माणसाचे हातपाय, डोळे, इतकेंच काय पण दुसऱ्याच्या आठवणीसुद्धां तेथें विकत मिळतात. ‘व्ही’ नांवाचा एक भाडोत्री साहसी (तो पुरुष असावा कीं स्त्री, हें खेळणाऱ्यानें ठरवावयाचें) जॅकी या जिवलग मित्राबरोबर अरासाका नांवाच्या बलाढ्य जपानी कंपनीची एक चकती चोरतो. चोरी अंगावर येते. जॅकी मरतो, आणि ज्यानें हें काम दिलें तोच व्हीच्या डोक्यांत गोळी घालतो. डोक्यांत बसविलेल्या त्या चकतीमुळें व्हीचे प्राण वांचतात खरे. परंतु तिच्यांत जॉनी सिल्व्हरहँड या फार पूर्वीं मेलेल्या बंडखोर गायकाचें मन सांठविलेलें असतें, आणि तें हळूहळू व्हीचें मन पुसून त्याची जागा घेऊं लागतें. आपलें शरीर थोड्याच दिवसांत दुसऱ्याचें होणार, हें ठाऊक असतां उरलेले दिवस कोणाच्या संगतींत आणि कोणत्या किंमतीनें घालवावे, हा या कथेचा गाभा. जॉनीला रूप आणि आवाज दिला आहे तो कियानू रीव्हज या नटानें.

‘सायबरपंक’ या वाङ्मयप्रकाराची कुळी तशी जुनी नाहीं. विल्यम गिब्सनची ‘न्यूरोमॅन्सर’ ही कादंबरी १९८४ सालची. माइक पॉन्डस्मिथचा चार मित्रांनीं टेबलाभोंवतीं बसून खेळावयाचा ‘सायबरपंक’ हा खेळ १९८८ सालचा, आणि प्रस्तुत व्हिडिओ गेम त्यावरच आधारलेला आहे. या प्रकाराचा पिंडच मोठ्या कंपन्यांच्या वचनांविषयींच्या संशयावर पोसलेला. हें लक्षांत ठेवून पुढील हकीकत वाचावी.

या खेळाची घोषणा २०१२ सालीं झाली. प्रकाशनाचा दिवस आधीं १६ एप्रिल २०२० हा ठरला, मग १७ सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर, आणि अखेर १० डिसेंबर. काम पुरें व्हावें म्हणून शेवटचे कांहीं आठवडे नोकरवर्गाला सहा दिवसांचा आठवडा भरावा लागल्याचें वृत्तपत्रांत आलें. तोंवर ऐंशी लाख लोकांनीं खेळ न पाहतांच तो मागवून ठेविला होता. प्रकाशनापूर्वीं तीन दिवस, ७ डिसेंबरला, परीक्षणें प्रसिद्ध होऊं लागलीं. बहुतेकांत स्तुतीचा पाऊस होता. पण परीक्षकांच्या हातीं दिलेल्या प्रती केवळ संगणकावर खेळावयाच्या होत्या. शिवाय त्यांनीं स्वतः टिपलेलीं चलच्चित्रें दाखवूं नयेत, कंपनीनें पुरविलेलींच दाखवावीं, अशीही अट होती.

दहा तारखेस खेळ घरोघर पोंचला. ज्यांच्याजवळ चांगले संगणक होते त्यांना बहुतांशीं परीक्षणांतला खेळ मिळाला. पण प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन हीं २०१३ सालचीं यंत्रें ज्यांच्या घरीं होतीं, त्यांच्या पदरीं निराळेंच कांहीं पडलें. चित्रें अडखळत, चेहरे उशिरां उमटत, माणसें दोन्ही हात आडवे पसरून पुतळ्यासारखीं उभीं राहत, आणि मधूनच सारा खेळ बंद पडे. १४ डिसेंबरला कंपनीनें क्षमा मागितली. या जुन्या यंत्रांवर खेळ कसा दिसतो हें आपण आधीं दाखवावयास हवें होतें, असें तिनें कबूल केलें. १७ डिसेंबरला सोनी कंपनीनें हा खेळ आपल्या दुकानांतून काढून टाकला आणि ग्राहकांचे पैसे परत करूं लागली. तो तेथें पुन्हां आला २१ जून २०२१ रोजीं. निरनिराळ्या परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणारी मेटाक्रिटिक नांवाची एक संस्था आहे. तिच्या वहींत या एकाच नांवापुढें शंभरांपैकीं दोन आंकडे उभे राहिले: संगणकावरील खेळाला ८६, आणि प्लेस्टेशन ४ वरील खेळाला ५७.

कोणी म्हणेल, ८६ गुणांचा ग्रंथ आणि ५७ गुणांची छपाई, इतकाच याचा अर्थ; शुद्धिपत्र जोडा आणि पुढें चला. मला तसें वाटत नाहीं. पुस्तकांतला मुद्रणदोष वाचक मनांतल्या मनांत दुरुस्त करतो. ‘कमळ’ऐवजीं ‘कळम’ छापलें तरी त्याच्या नजरेस कमळच दिसतें. येथें ती सोय नाहीं. मित्राच्या मृत्यूच्या प्रसंगीं शेजारचा मनुष्य खुर्चींतून आरपार गेला, तर शोकाचें हसें होतें, आणि तें हसें कोणत्याही पेन्सिलीनें पुसतां येत नाहीं. रंगभूमीवर पडदा अडकला, तर त्या रात्रीच्या प्रेक्षकापुरतें नाटक अडकलेंच. येथें प्रत हीच कृति. म्हणून ८६ गुण देणारे खोटें बोलले नाहींत. त्यांनीं जें पाहिलें तें सांगितलें, आणि आपण संगणकावर खेळलों असें कित्येकांनीं नमूदही केलें. पण आपल्याला काय दाखविलें गेलें नाहीं, आणि तें कां दाखविलें नसावें, ही शंका मथळ्याच्या जागीं यावयास हवी होती. ती बहुधा तळटीपेच्या जागीं राहिली.

त्या तीन दिवसांतल्या दोन गोष्टी मला विशेष अस्वस्थ करतात. ‘गेमस्पॉट’ या प्रसिद्ध परीक्षणसंस्थेच्या एका लेखिकेनें दोषांचा स्पष्ट उल्लेख करून खेळाला दहांपैकीं सात गुण दिले. सात म्हणजे कांहीं अवकृपा नव्हे. तरीही तिच्यावर शिव्यांचा भडिमार झाला. आणि तो करणाऱ्या सामान्य ग्राहकांच्या हातीं त्या दिवशीं खेळ आलेलाच नव्हता. न वाचलेल्या ग्रंथाच्या अभिमानानें वाचलेल्याला दटावावयाचें, असा हा प्रकार. दुसरी गोष्ट याहून गंभीर. ‘गेम इन्फॉर्मर’ या मासिकाच्या एका परीक्षिकेला अपस्माराचा विकार होता. खेळांतील एका प्रसंगीं लाल-पांढरे दिवे असे झपाट्यानें लुकलुकतात कीं, तिला झटका आला. तिनें शांतपणें लेख लिहून असा विकार असणाऱ्यांना सावध केलें. तिच्या लेखामुळें कंपनीनें इशारा जोडला आणि पुढें तो प्रकाशही सौम्य केला. पण दरम्यान कांहीं नराधमांनीं तिला झटका यावा याच हेतूनें तशींच लुकलुकणारीं चित्रें पाठविलीं. परीक्षणाला साहित्याच्या घरांतला दुय्यम पाहुणा समजणाऱ्यांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवावी. त्या आठवड्यांत या खेळाविषयीं लिहिलेल्या सर्व मजकुरांत वाचकाच्या खऱ्या उपयोगाचा मजकूर तो होता.

मी स्वतः हा खेळ खेळलों तो सर्व दुरुस्त्या झाल्यावर, २०२४ सालीं, भाच्याच्या संगणकावर. जॅकीच्या मृत्यूनंतर त्याची आई आपल्या मद्यगृहांत मेक्सिकन चालीप्रमाणें त्याची स्मरणपूजा मांडते. त्याच्या सामानांतली एक वस्तु निवडून आपण ती तेथें न्यावयाची असते. कोणती वस्तु उचलावी याचा मीं बराच वेळ विचार करीत बसलों होतों. बाहेरून पाहणाराला तो वेळ वायां गेलेला दिसला असता. पण मित्र गेल्यावर त्याच्या खोलींत उभ्या राहिलेल्या माणसाचा वेळ असाच जातो. जॉनीचीही गोष्ट तीच. आरंभीं उर्मट आणि आत्मप्रौढ वाटणारा हा मृतात्मा पुढें पुढें आपल्याच मनाचा एक त्रासदायक पण हवासा कोपरा होऊन बसतो. हें सामर्थ्य कथेंत २०२० सालींही होतें. मोडक्या यंत्रांच्या गलबल्यांत त्याची चर्चा मात्र बुडाली.

आणि त्याच गलबल्यांत दुसरी एक टीकाही बुडाली. खुद्द गिब्सननें २०१८ सालींच, या खेळाची झलक पाहून, दुसऱ्या एका लोकप्रिय खेळावर १९८० च्या सुमाराच्या ठराविक भविष्याचें कातडें चढविल्यासारखा हा प्रकार दिसतो, अशा अर्थाचा शेरा मारला होता. तो थोडा कडक आहे, पण निराधार नाहीं. जपानी कंपन्या जग विकत घेतील ही भीति अमेरिकेला १९८० च्या दशकांत वाटत होती. तीच अरासाकाच्या रूपानें २०७७ सालापर्यंत जशीच्या तशी येऊन पोंचली आहे. कंपन्यांविरुद्ध कंठशोष करणारा जॉनी ज्या कंपनीनें निर्माण केला, तिच्याच वचनांवर विसंबून लक्षावधि ग्राहक फसले, ही विसंगतिही कथेच्या बाहेर राहून कथेवर भाष्य करते. या दोषांवर कोणतेंही शुद्धिपत्र चालत नाहीं; म्हणूनच अशी टीका प्रतीबरोबर जुनी होत नाहीं.

यापुढची हकीकत सर्वांना आवडणारी आहे. सप्टेंबर २०२२ मध्यें याच नगरावर बेतलेली ‘एजरनर्स’ ही जपानी चित्रमालिका आली आणि खेळाडू परत फिरले. २१ सप्टेंबर २०२३ रोजीं खेळाची दुसरी मोठी सुधारणा झाली, आणि २६ सप्टेंबरला ‘फँटम लिबर्टी’ हें नवें कथानक त्यास जोडलें गेलें. परीक्षकांनीं त्याचें मनापासून स्वागत केलें. ऑक्टोबरपर्यंत मूळ खेळाच्या अडीच कोटि प्रती खपल्याचें जाहीर झालें. डिसेंबरांत ‘द गेम अवॉर्ड्स’ या समारंभांत त्याला चालू राहिलेल्या खेळांतील सर्वोत्कृष्टाचें पारितोषिकही मिळालें. पतिताचा उद्धार झाला, असें जो तो म्हणूं लागला.

कारागिरांनीं टाकलेलें काम उचलून तें पुरें केलें, याचें कौतुक मलाही आहे. पण उद्धाराच्या या कथेंत एक सोयीस्कर विस्मरण लपलेलें आहे. २०२३ सालचा चांगला खेळ २०२० सालच्या कडक परीक्षकाला खोटा ठरवीत नाहीं. उलट तो कडक राहिला म्हणूनच दुरुस्तीची निकड भासली. आणि पहिल्याच आठवड्यांत पुरे पैसे मोजणारे ग्राहक? त्यांना नकळत बिनपगारी मुद्रितशोधक व्हावें लागलें. अमेरिकेंतील भागधारकांनीं फिर्याद केली, तेव्हां डिसेंबर २०२१ मध्यें साडेअठरा लाख डॉलरवर त्यांच्याशीं तडजोड ठरली. खेळतां खेळतां ज्यांची संध्याकाळ फुकट गेली त्यांच्या संध्याकाळीं कोणत्याच हिशेबांत आल्या नाहींत.

हें सारें दूरच्या देशांतल्या एका खेळाचें आहे, आपल्या मासिकाशीं त्याचा काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे. आतां पुस्तकेंही पडद्यावर वाचलीं जातात आणि लेखकाच्या मर्जीनुसार मागाहून बदलूं शकतात. ज्या कृतीवर मी मत देतों ती उद्यां तीच राहील, ही हमी मलाही यापुढें देतां येणार नाहीं. म्हणून परीक्षणाच्या शिरोभागीं, लेखक आणि किंमत यांच्या ओळीखालीं, आणखी एक ओळ मीं लिहूं लागलों आहें: कोणती प्रत, कोणत्या दिवशीं, कोणाकडून आलेली, आणि किती वाचलेली. ही ओळ रुक्ष आहे, आणि संपादक तिच्यावर कधीं कधीं लाल रेघ मारतात. पण ७ डिसेंबर आणि १० डिसेंबर यांच्या मधले तीन दिवस मला आठवतात. त्या तीन दिवसांत ऐंशी लाख माणसांच्या हातीं खेळ नव्हता. तो पाहून आलेल्या थोडक्या लोकांचा शब्द, एवढेंच त्यांच्यापाशीं होतें.