वहिनीची वही

२०११ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. सीतादही होऊन पंधराएक दिवस झाले होते, पऱ्हाटी पांढरी झाली होती. आमचं गाव नागपूर-उमरेड रस्त्याच्या एका अंगाला आणि दादाचं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं, वावर दुसऱ्या अंगाला. वहिनी सकाळी डबा आणि ओटीचं फडकं घेऊन रस्ता ओलांडत होती. नागपूरकडून भाड्याची एक गाडी आली आणि होत्याचं नव्हतं झालं.

माणसं जमली, पण हात कोणी लावेना. पोलिसांच्या मागं कोण लागेल, ज्याच्या त्याच्या मनात हेच. शेवटी भाजीच्या एका टेम्पोवाल्यानं तिला उचललं, मेडिकलच्या दारात उतरवलं आणि नाव न सांगता निघून गेला. वहिनी वाटेतच गेली होती. त्या टेम्पोवाल्याला आम्ही पुढं फार शोधलं. तो का पळाला ते मला कळतं. आता कायदा बदलला आहे. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही, त्याच्यावर केस होत नाही. सुप्रीम कोर्टानं २०१६ साली तसं बजावलं आणि २०१९ ला ते मोटार वाहन कायद्यातच घातलं. त्या खात्याचे मंत्री तेव्हा आमच्या नागपूरचेच, नितीन गडकरी. पण गावातल्या दहा माणसांना विचारा, नऊजणांना अजून हे माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो, तर ओसरीत एक म्हातारा बसलेला. गाडी चालवणाऱ्या पोराचा बाप. फडक्यात चाळीस हजार रुपये आणि सोबत लिहून आणलेला कागद. गावातली चार जाणती माणसं दादाला समजावून राहिली होती, "गेलेलं माणूस का वापस येते? पोराचं वाटोळं कायले करता?" दादाचं मन मऊ. त्यानं पेन हातात घेतला. मी दहावी शिकलेला म्हणून कागद माझ्याकडं दिला. त्यात लिहिलं होतं, बाई अचानक गाडीसमोर धावत आली, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही.

मी म्हणालो, "दादा, वहिनी जिंदगीत कधी धावली नाही."

तेवढ्यात ठाण्यातला जमादार बयाण घ्यायला आला. त्यानं कागद वाचला आणि म्हाताऱ्याला विचारलं, "पैसे कुठून आणले जी?" म्हातारा खाली पाहून बोलला, "बैलजोडी इकली." जमादार म्हणाला, "गाडीचा विमा हाय. मालक दरसाल पैसे कायले भरते? भरपाई विमा कंपनी देते. तुमची बैलं कायले इकता? अन् तुम्ही," दादाकडं वळून, "या गरिबाच्या बैलांचे पैसे घेऊन कंपनीले मोकळं करता का?"

आम्ही ज्याला दया समजत होतो, ती दया नव्हतीच. फौजदारी खटला आपल्या जागी चालतो, तो सरकारचा. भरपाईचा दावा वेगळा. गाडीचा विमा चालू असला आणि चालवणाऱ्याजवळ बरोबर लायसन असलं, तर पैसे कंपनीनं द्यायचे. विमा नसला तर मालकानं. दादानं फडकं तसंच म्हाताऱ्याच्या हातात दिलं. दोघंही रडले.

दवाखान्याच्या आवारात पहिल्याच दिवशी एक दलाल भेटला होता, कोऱ्या कागदावर सही मागत होता. त्याला टाळून आम्ही ओळखीतला वकील गाठला. मोटार अपघाताच्या दाव्यांचं न्यायाधिकरण असतं, तिथं अर्ज करायचा. वकील साहेबांनी कागद मागितले: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, गाडीचं आरसी, विम्याची पॉलिसी, वहिनीच्या वयाचा पुरावा.

वयावरच पहिली अडचण आली. रेशन कार्डावर वहिनीचं वय बावन्न, कोणीतरी अंदाजानं टाकलेलं. मी तिच्या माहेरी जाऊन शाळेचा चौथीचा दाखला काढला, तर चव्वेचाळीस निघालं. वकील साहेबांनी पाटीवर मांडल्यासारखं समजावलं. सुप्रीम कोर्टानं २००९ साली पट्टी ठरवून दिली. माणसाची वर्षाची कमाई धरायची, मागं दोन-तीनजण अवलंबून असतील तर त्यातून एक तृतीयांश त्याच्या स्वतःच्या खर्चाचे वजा करायचे आणि उरेल त्याला वयाप्रमाणे गुणायचं. एक्केचाळीस ते पंचेचाळीसला चौदानं, एक्कावन्न ते पंचावन्नला अकरानं. महिन्याचे तीन हजार धरले तर वर्षाचे छत्तीस हजार, वजा जाता चोवीस. चौदानं गुणले तर ३ लाख ३६ हजार, अकरानं गुणले तर २ लाख ६४ हजार. रेशन कार्डावरची एक चूक बहात्तर हजारांची.

मग त्यांनी दादाला विचारलं, "वहिनी काय करायच्या?"

दादा म्हणाला, "काई नाई जी. घरीच राहे."

वकील साहेबांनी पेन खाली ठेवला. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही हे कबूल करतो. मला कोणी माझ्या बायकोचं विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं.

ते म्हणाले, "२००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या रांगेत बसवलं होतं, काही न कमावणाऱ्या म्हणून. मागच्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं त्यावरून सरकारला सुनावलं. त्याच्या आधी, २००१ साली, जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात घरच्या बाईच्या कामाचे महिन्याला तीन हजार धरले. घरी जा. त्या गेल्यापासून त्यांची कामं कोण करतं, ते लिहून आणा."

मी दोनशे पानी वही आणली आणि आठ दिवस दादाच्या घरी बसलो. पहाटे चारला उठून दोन म्हशींचं शेण काढणं, दूध काढणं, सहा लिटर दूध डेअरीवर नेणं. डेअरीचं कार्ड दादाच्या नावाचं, दूध मात्र तिच्या हातचं. पाणी, चूल, दोन पोरांचे डबे, सासूचं पथ्य. नंतर वावर. निंदण, तुरीची सोंगणी, कापसाची वेचणी, दिवसाला तीस किलो. ही मजुरी आम्ही कधी कोणाला दिली नाही, म्हणून ती आमच्या हिशेबात कधी आलीच नाही. संध्याकाळी डोक्यावर गवताचा भारा. आता निंदणाला रोजानं बाई लावावी लागली. म्हशी दोन महिन्यांत विकल्या. पुतणी बारावीचं कॉलेज सोडून चुलीसमोर बसली. लिहिता लिहिता बारा पानं झाली आणि मला समजलं, आपण वीस वर्षं एका घरात राहिलो आणि हे माणूस पाहिलंच नाही. पुढं मी थोडंफार लिहू लागलो, पण माझं पहिलं लिखाण ते.

सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात उलटतपासणी झाली. कंपनीच्या वकिलानं विचारलं, "जमीन तुमच्याच नावावर आहे ना? सातबारा तसाच आहे. मग नुकसान काय झालं?"

दादा थोडा वेळ गप्प होता. मग बोलला, "वावर हाय जी. वावरात जाणारी गेली."

२०१४ मध्ये निकाल लागला. महिन्याचे चार हजार धरले, वजा करून चौदानं गुणले, वर क्रियाकर्माचे वगैरे आणि व्याज. पोरांचा वाटा बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा हुकूम झाला, ते फार चांगलं झालं. त्यातून पुतणीचं राहिलेलं शिक्षण झालं.

एका ठिकाणी मात्र आम्ही हरलो. शेतकऱ्याच्या अपघात विम्याची सरकारी योजना तेव्हाही होती. आम्ही गेलो तर विचारलं, सातबारावर नाव आहे का? नव्हतं. आयुष्यभर मातीत राबलेली बाई कागदावर शेतकरीच नव्हती. पुढं या योजनेला गोपीनाथ मुंडे यांचं नाव दिलं. ते स्वतः २०१४ साली दिल्लीत रस्ता अपघातातच गेले. आता मृत्यू झाला तर दोन लाख मिळतात आणि २०१९ पासून सातबारावर नाव नसलेल्या घरातल्या एका माणसालाही धरतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं करायचा. साप चावला, वीज पडली, तरी चालतो.

आता कोणाच्या घरी असं झालं की लोक मला बोलावतात. मी तीनच गोष्टी सांगतो. रस्त्यावर, ओसरीत कशावरच सही करू नका. दावा लवकर लावा, आता कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे. गाडी ठोकून पळाली, नंबर मिळाला नाही, तरी हात जोडून बसू नका. सरकारकडून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार मिळतात, २०२२ च्या आधी ते पंचवीस आणि साडेबारा हजारच होते.

चौथी गोष्ट मी घरी केली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला होता, घरच्या लक्ष्मीच्या नावानं जमीन करा म्हणून. आम्ही तेव्हा सभेत टाळ्या वाजवल्या आणि तसेच घरी आलो. निकाल लागल्यावर मी तलाठ्याकडं गेलो आणि बायकोचं नाव सातबारावर चढवायला अर्ज दिला. सहीसाठी कागद तिच्यासमोर ठेवला. ती भाकरी थापत होती. पिठाचा हात तसाच ठेवून म्हणाली, "आता काऊन जी? मी मरून राहिली काय?"

मी म्हणालो, "नाही. जिती आहेस म्हणून."