धरणातली बोट आणि काठावरच्या आपल्या मोटारी



गंगापूर धरणाच्या फुगवट्याकडे सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग असते. पर्यटन महामंडळाचा बोट क्लब आहे, ग्रेप पार्क रिसॉर्ट आहे, आणि काठाला तंबू लावून पाहुणे ठेवणारे आपलेच शेतकरी भाऊही आहेत. या धंद्याला नावं ठेवायची नाहीत. गिरणाऱ्याच्या बाजारात टोमॅटो पडला की तंबूचं भाडंच कामाला येतं.

पण शहरातून आलेल्या माणसाला वाटतं, एवढं पाणी मोकळंच पडलंय. त्याच पाण्यात आपल्या मोटारी आहेत, मच्छीमारांची जाळी आहेत, आणि नाशिककरांचं पिण्याचं पाणीही इथूनच उचललं जातं.

काठाजवळून बोट जोरात गेली की काय होतं ते बघा. लाट उथळ पाण्यात येते, तळाचा गाळ ढवळते. फुटव्हॉल त्या पट्ट्यात असेल तर गढूळ पाणी थेट पाइपात. मग सँड फिल्टर बॅकवॉश करा, डिस्क धुवा, आणि बारीक माती तरीही ड्रीपरमध्ये जाऊन बसतेच. पाणी कमी असताना फुटव्हॉल उघडा पडला, तर मोटार हवा धरते ते वेगळं. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेला पाणी चुकवून चालत नाही, हे बोटवाल्याला कुणी सांगितलेलं नसतं. काठापासून शंभर-दीडशे फूट लांब आणि काठ जवळ आला की अगदी हळू, एवढं पाळलं तरी निम्मी कटकट संपते.

दुसरी गोष्ट केबलची. आपल्यातले कितीतरी जण जोड दिलेली वायर पाण्यातून नेतात. आजवर तिथं कुणी पोहायला येत नव्हतं, आता येतात. मोटारीच्या जागी रिकामा ड्रम दोरीने बांधून, लाल रंग देऊन तरंगता ठेवा. जोड पाण्याबाहेर घ्या. पाहुण्यांनी काय पाळायचं ते सांगताना आपलं कामही नीट पाहिजे ना.

आता वारा. सकाळी पाणी आरशासारखं असतं, म्हणून माणूस फसतो. 21 मे 2024 ला उजनीच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला, सहा गेले. त्यात लहान मुलंही होती. ती रोजच्या जाण्यायेण्याची बोट होती, हौसेची नव्हती. वळवाचा वारा काही कुणाला सांगून येत नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर ढग चढायला लागले की बोट काठाला बांधायची, पाहुणे नाराज झाले तरी चालतील.

उन्हाळ्यात अजून एक भानगड. पाणी उतरलं की बुडीत जमिनीवरचे जुने बांध, खोडं पाण्याखाली हातभर राहतात. वरून दिसत नाहीत. वरच्या काश्यपी, गौतमी धरणांतून पाणी सोडलं की पातळी परत बदलते. गेल्या महिन्यात मोकळा असलेला रस्ता या महिन्यात मोकळा असेलच असं नाही. तिथला मच्छीमार सोबत घ्या, त्याला तळ पाठ असतो. त्याला त्या दिवसाचे पैसेही द्या.

शक्य असेल तर इंजिनापेक्षा वल्ह्याची बोट बरी. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात बरंचसं पेट्रोल-ऑइल न जळताच पाण्यात जातं. शिवाय थंडीत पाहुणे येतात ते पक्षी बघायला. नांदूर मध्यमेश्वर जानेवारी 2020 मध्ये रामसर यादीत आलं, राज्यातलं पहिलं. तेव्हापासून पक्षी बघायला दुर्बीण घेऊन येणारे आपल्याही भागात वाढलेत. बदकांच्या थव्यावर बोट घातली की थवा उठतो, आणि एकदा उठला की तुमच्या पाहुण्याला उरतं नुसतं पाणी.

लाइफ जॅकेट घेताना लहान मुलांचं वेगळं घ्या. मोठ्याचं घातलं तर पोर त्यातून खाली सरकतं. पट्टे काठावरच बांधायचे, आणि प्यायलेल्याला बोटीत घ्यायचं नाही, मग तो कितीही ओळखीचा असो.

दारणा, मुकणे, वैतरणा काठच्या कुणी मोटारींना खुणा केल्या असतील तर फोटो टाका. ड्रम कशाने बांधला, वाऱ्यात टिकला का, तेही लिहा.